समुद्रांत, मातींत कीं अग्नींत?
शेवटच्या विसाव्याविषयीं एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति २३; १ शमुवेल ३१:११–१३; प्रकटीकरण २०:११–१३.

आमच्या वऱ्हाडास समुद्रकिनारा नाहीं. तथापि येथील पाणी दोन समुद्रांस मिळतें. पूर्णेचें पाणी तापींतून अरबी समुद्रास जातें, आणि वर्धेचें पाणी प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास पोहोंचतें. आज खेड्यांतील तरुणही जहाजांवर व परमुलखांत चाकरीस जातात. म्हणून समुद्रांत देह सोडण्याची गोष्ट अमरावती-अकोल्याकडील मंडळ्यांस अगदींच परकी समजूं नये.

परंतु हा विषय घेण्याचें मुख्य कारण निराळें आहे. मयताच्या घरीं एक भीति पुष्कळदां बोलून दाखविली जाते. ज्याची कबर नाहीं, जो पुरांत वाहून गेला, किंवा ज्याला नातलगांनीं मंडळीस न कळवितां जाळलें, त्याचें पुनरुत्थान होईल कीं नाहीं? ह्या शंकेनें कित्येक भोळीं माणसें मनांतल्या मनांत झुरतात. तिच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : आपला देह कोठें ठेवावा, आणि हें ठरवावयाचें कोणी? ह्या दोन प्रश्नांचा विचार ह्या पाठांत करूं.

१. शास्त्र काय दाखवितें

सारा वारली तेव्हां अब्राहाम त्या देशांत परका होता. लोक त्याला जागा फुकट देऊं लागले; पण त्यानें वेशींत सर्वांच्या देखत रुप्याचे चारशें शेकेल तोलून देऊन मकपेल्याची गुहा व शेत विकत घेतलें. योसेफानें आपलीं हाडें मिसरांतून नेण्याची शपथ भावांस घातली, आणि तीं पुढें शखेमांत पुरण्यांत आलीं. मोशेची कबर मात्र कोणासच ठाऊक नाहीं. शौल व त्याचे पुत्र ह्यांचे देह याबेशाच्या शूरांनीं जाळले व हाडें झाडाखालीं पुरलीं. त्यांस दाविदानें दोष न देतां आशीर्वाद दिला. प्रभु येशूस स्वतःची कबर नव्हती. अरिमथाईकर योसेफाच्या कबरेंत त्याला ठेवलें. आणि शेवटल्या दिवसाच्या वर्णनांत समुद्रही आपल्यांतील मेलेल्यांस परत देईल असें सांगितलें आहे.

ह्यावरून पहिल्या शंकेचें उत्तर मिळतें. विकत घेतलेली गुहा, अज्ञात कबर, जळलेलीं हाडें, उसनी कबर व अथांग समुद्र, हीं सर्व देवाला सारखींच ठाऊक आहेत. ज्यानें मातीपासून मनुष्य केला त्याला राखेपासून किंवा पाण्यांतून उठविणें कठीण नाहीं.

२. जहाजावरचा विधि

पूर्वीं प्रवासाला महिनेच्या महिने लागत, आणि शव टिकविण्याचें साधन जहाजावर नसे. म्हणून मेलेल्यास त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं समुद्रांत सोडावें लागे. देह शिडाच्या जाड कापडांत शिवीत व पायांशीं लोखंडाचें वजन बांधीत, म्हणजे तो तरंगत न राहतां खालीं जाई. मग तो फळीवर ठेवून वर निशाण पांघरीत. पाळक असल्यास पाळक, नसल्यास कप्तान प्रार्थना करी, आणि फळी तिरपी केली कीं देह निशाणाखालून पाण्यांत सरके. जहाजाच्या रोजनाम्यांत अक्षांश व रेखांश लिहून ठेवीत. तेंच त्या कबरेचें ठिकाण. इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकांत अशा प्रसंगाचे शब्द वेगळे दिलेले आहेत.

आतां मोठ्या जहाजांवर शव थंडींत ठेवण्याची सोय असते, आणि बहुधा तें बंदरास आणून घरच्यांच्या हवालीं करितात. कित्येक लोक मात्र स्वेच्छेनें समुद्र निवडतात. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें ह्यासाठीं किनाऱ्यापासून निदान तीन सागरी मैल, म्हणजे सुमारें साडेपांच किलोमीटर, दूर जावें लागतें. आणि संपूर्ण देह सोडावयाचा असल्यास पाणी सामान्यतः निदान ६०० फूट खोल लागतें.

३. एका दिवशीं दीक्षा, वेगवेगळ्या ठिकाणीं विसावा

६ फेब्रुवारी १८१२ रोजीं अमेरिकेंतील सेलम गांवीं पांच तरुणांस मिशनरी म्हणून दीक्षा देण्यांत आली : जडसन, नॉट, नेवेल, हॉल व राइस. ह्यांतील गॉर्डन हॉल १८१३ सालीं मुंबईस आले आणि मराठी मिशनाचा पाया घालणाऱ्यांपैकीं एक झाले. १८२६ च्या मार्चांत नाशिकाकडून परततांना त्यांस पटकी झाली. एका देवळाच्या ओसरींत ते २० मार्च रोजीं वारले. जवळ ना कुटुंब, ना पाळक, ना पेटी. सोबतच्या दोघां तरुणांनीं त्यांना त्यांच्याच घोंगडींत गुंडाळून तेथें पुरलें.

सॅम्युएल नेवेल १८२१ सालीं मुंबईंत पटकीनेंच वारले. त्यांच्या पत्नी हॅरिएट ह्या १८१२ सालींच मॉरिशस बेटावर मातीआड झाल्या होत्या. नॉट व राइस ह्यांचा शेवट स्वदेशीं झाला. आडोनिराम जडसन ह्यांनीं ब्रह्मी भाषेंत पवित्र शास्त्र उतरविलें. १८५० सालीं प्रकृति सुधारावी म्हणून ते एका फ्रेंच जहाजावर चढले, आणि १२ एप्रिल रोजीं बंगालच्या उपसागरांत वारले. सुतारानें फळ्यांची पेटी केली. ती बुडावी म्हणून तींत वाळू ओतली. आणि त्याच रात्रीं ती समुद्रांत सोडली. मोलमीन येथें असलेल्या त्यांच्या पत्नीस ही बातमी सुमारें चार महिन्यांनीं कळली. त्यांची पहिली पत्नी ॲन ब्रह्मदेशांत अॅम्हर्स्ट येथें, व दुसरी सारा सेंट हेलेना बेटावर पुरली आहे. एकाच कुटुंबाचीं माणसें अशीं तीन दिशांस विसावलीं!

ह्यांपैकीं कोणाचें काम कबरेच्या थाटावरून मोजलें जात नाहीं. घोंगडींत पुरलेल्या हॉलसाहेबांचें नांव दोनशें वर्षांनंतरही महाराष्ट्रांतील मंडळ्यांत घेतलें जातें. मग पेटीस पितळी कड्या नाहींत म्हणून लाजून सावकाराचें दार ठोठावणाऱ्या घरानें काय मिळविलें?

४. अग्नि व रक्षा

रे. नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत वारले. आपल्या देहाचें दहन व्हावें अशी त्यांची इच्छा होती. ती पाळण्यांत आली, आणि रक्षा अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, नेऊन पुरण्यांत आली. उलट पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं वारल्या, व जेथें आयुष्य वेंचलें त्याच मुक्तिसदनाच्या भूमींत त्यांस पुरलें. दोघेही पूर्वाश्रमीचे ब्राह्मण, दोघांचीही श्रद्धा दृढ. पण एकानें अग्नि निवडला व एकीला माती मिळाली. ह्यांत कोणाचाही विश्वास उणा ठरत नाहीं. रोमन मंडळीनेंही १९६३ पासून दहनास मोकळीक दिली आहे. मात्र रक्षा उधळूं नये किंवा घरांत ठेवूं नये, पवित्र जागीं ठेवावी, असें तिनें २०१६ सालीं पुन्हां सांगितलें.

रक्षा दूरही जाऊं शकते. डॉ. आनंदीबाई जोशी ह्या हिंदु बाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेंत त्यांना मुलीप्रमाणें वागविणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि पोकीप्सी गांवीं त्या कुटुंबाच्या जागेंत ती पुरली आहे. देहाचा विसावा कधीं कधीं रक्ताच्या नात्यापेक्षां प्रेमाच्या नात्याजवळ असतो.

५. आपली काळी माती

वऱ्हाडांत बहुतेक मंडळ्या पुरण्याचीच चाल पाळतात. ही चाल साहेबांची आहे असें कोणी हिणविल्यास त्यास नम्रपणें सांगावें कीं, मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर हें ज्यांचें मोठें स्थान त्या महानुभाव पंथांतही देह पुरतात. मेळघाटांतील कोरकू लोक पुरतात, आणि मृतांच्या स्मरणार्थ सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेला लांकडी मुंडा उभा करितात. लिंगायत व मुसलमान ह्यांची रीतही पुरण्याचीच. ही माती सर्वांस ओळखते.

तिचा स्वभाव मात्र ध्यानांत ठेवावा. आपली काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. त्यामुळें उथळ कबर पहिल्याच पावसाळ्यांत खचते. जागा शक्यतों मुरमाड व उंचवट्याची असावी. विहीर, नाला व पूररेषा ह्यांपासून दूर असावी. पूर्णाकांठच्या खारपाणपट्ट्यांत गोडें पाणी मोठ्या मोलाचें. तेथें तर ही काळजी दुप्पट घ्यावी. कबर पुरेशी खोल खणावी, वर मातीचा उंच ढीग करावा, आणि मृगाच्या पावसानंतर मंडळीच्या तरुणांनीं जाऊन खचलेल्या जागीं पुन्हां माती घालावी.

जागेच्या हक्काची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. छत्तीसगडांतील बस्तर भागांत एका ख्रिस्ती पाळकाचें शव ७ जानेवारी २०२५ पासून वीस दिवस शवागारांत पडून होतें, कारण त्याच्या गांवांत पुरण्यास विरोध झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांचें मत एक झालें नाहीं. तरी देहाची आणखी हेळसांड होऊं नये म्हणून २७ जानेवारी रोजीं त्यांनीं गांवापासून वीसपेक्षां अधिक किलोमीटर दूर असलेल्या ख्रिस्ती दफनभूमींत पुरण्याचा हुकूम दिला. शोकाच्या दिवसांत मुलाला कोर्टाची पायरी चढावी लागली!

म्हणून अब्राहामाचें उदाहरण पुन्हां काढून वाचा. त्यानें प्रेत दारीं असतां भांडण केलें नाहीं. मोल दिलें, साक्षी ठेवले, हद्द ठरविली. ज्या मंडळीस दफनभूमि नाहीं तिनें मयत होण्यापूर्वींच ग्रामपंचायत व तहसीलदार ह्यांकडे अर्ज करावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या २२ व्या कलमाप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांस सरकारी जमीन दफनासाठीं राखून ठेवतां येते. जागा असल्यास तिची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर आहे कीं नाहीं हें पाहावें. नुसत्या तोंडी संमतीवर विसंबूं नये. संमति देणारा पाटील मरतो, आणि त्याचा नातू ती मानीलच असें नाहीं.

६. आणखी एक वाट

देह वैद्यकीय शिक्षणासाठीं देण्याचीही सोय आहे. महाराष्ट्रांत ह्याविषयीं १९४९ पासून कायदा आहे. ज्याची इच्छा असेल त्यानें जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आधीं अर्ज भरून ठेवावा, व घरच्यांस सांगून ठेवावें. कारण मृत्यूनंतर देह सोंपविणारे तेच असतात. नेत्रदान करावयाचें असल्यास साधारणतः सहा तासांच्या आंत डोळे काढावे लागतात. त्यानंतर देह नेहमींप्रमाणें पुरतां येतो. आंधळ्यास दृष्टि देऊन जाणें हें प्रभूच्या शिष्यास अशोभनीय नाहीं.

७. निर्णय कसा करावा

समुद्र, माती, अग्नि ह्यांपैकीं कांहीं निवडल्यानें तारण मिळत नाहीं, व जातही नाहीं. परंतु जिवंतांवरील प्रीति मात्र ह्या निवडींत दिसून येते. म्हणून प्रत्येक प्रौढ माणसानें आपली इच्छा धडधाकट असतांनाच घरांत बोलावी, कागदावर लिहून सही करावी, आणि पाळकास किंवा वडिलांस सांगून ठेवावी. इच्छा अशी असावी कीं ती पुरवितांना विधवेस कर्ज होऊं नये. घरांत कोणी ख्रिस्ती व कोणी जुन्या रीतीचे असल्यास त्यांच्याशीं हें आधींच गोडीनें बोलावें. प्रेतापाशीं वाद घालणें हें कोणत्याच धर्मास शोभत नाहीं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत करावी. वारसाच्या पुढल्या सर्व कामांस तो दाखला लागतो.

आणि जर अपघातानें, पुरानें किंवा दूरदेशीं मृत्यु आल्यामुळें आपली इच्छा राहून गेली, तर मागच्यांनीं स्वतःस दोष देत बसूं नये. जडसनसाहेबांच्या पत्नीस पतीच्या कबरेवर एक मूठ मातीही टाकतां आली नाहीं. तरी ज्याच्या हातीं समुद्र आहे त्याच्याच हातीं आपला पति आहे, ह्या विश्वासावर विसंबण्यास तिला कोणाची आडकाठी नव्हती. तीच वाट आपल्या घरांतील रडणाऱ्यांसही मोकळी आहे.

चर्चेसाठीं प्रश्न

१. अब्राहामानें जागा फुकट कां घेतली नाहीं? आपल्या मंडळीनें ह्यापासून काय शिकावें?
२. याबेशाच्या लोकांच्या कृत्यावरून दहनाविषयीं काय समजतें?
३. आपल्या गांवच्या दफनभूमीची नोंद कोणाच्या नांवें आहे? ती कोणीं व केव्हां पाहिली?
४. गरीब घरीं मयत झाल्यास कर्ज न होतां विधि नीट व्हावा म्हणून मंडळी काय करूं शकेल?