पाणी दाराशी, वाट भिंतीतून

रत्नागिरीत पश्चिमेकडे तोंड असलेलं गॅलरीचं दार म्हणजे पावसाळाभर पायपुसणी पिळणं. आमचं दार ॲल्युमिनियमचं, सरकतं. वाऱ्याची सर आली की डाव्या कोपऱ्यातून हॉलमध्ये ओघळ. आलेल्या कारागिराने उभ्याउभ्याच निदान केलं, "फट आहे, सिलिकॉन मारतो," आणि दिसेल ती भेग भरून पैसे घेऊन गेला. पुढच्या पावसात पाणी वाढलंच.

अशा दाराच्या रुळाला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. वाऱ्याच्या पावसात रुळात पाणी शिरतंच. ते या भोकांतून बाहेर पडतं. गृहस्थाने नेमकी तीच बुजवली होती. रूळ भरायचा आणि आत सांडायचा. तेव्हा कोणी सिलिकॉनची नळी घेऊन आला, तर आधी ही भोकं दाखवून ठेवा.

भोकं मोकळी केली तरी कोपरा ओला होताच. मग एका कोरड्या दिवशी बागेची नळी लावली. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर. पाणी खालून वर मारत जायचं: आधी उंबरठा, मग चौकटीच्या बाजू, मग माथा, शेवटी वरची भिंत. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं तरी, आणि धार साधीच. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडून येतो आणि काहीच कळत नाही. आमचा उंबरठा कोरडा, बाजू कोरड्या. छज्ज्याच्या वर, तो भिंतीला मिळतो तिथे नळी धरली आणि बऱ्याच वेळाने खालचा कोपरा पाझरू लागला. तिथल्या केसाएवढ्या भेगेतून पाणी भिंतीत, तिथून चौकटीच्या पोकळ उभ्या पट्टीत, आणि थेट खाली. काम गवंड्याचं होतं. भेग खोदून भरली, छज्ज्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, खालच्या कडेला खाच पाडली. ही खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून पुन्हा भिंतीकडे येतं.

नळी लावण्याआधी गॅलरीची जाळी पानांनी तुंबली नाही ना, आणि फरशीचा उतार दाराकडे नाही ना, एवढं बघा. तांब्याभर पाणी ओतलं की कळतं. पाऊस नसतानाही ओल येत असेल तर दार निर्दोष आहे, वरच्या मजल्याचे नळ तपासा. लाकडी दार फुगलं म्हणून पावसाळ्यात रंधा मारू नका, उन्हाळ्यात तिथेच फट पडते.

हे सगळं मे महिन्यातच उरकावं, आणि रंगाऱ्याला बोलावण्याआधी. ताज्या रंगाखाली भेग दिसत नाही.