ॲब्लेशननंतर पुन्हा धडधड सुरू झाली तर



हृदयाचे वरचे कप्पे ठेका सोडून थरथरू लागले, की त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. गोळ्यांनी भागले नाही तर डॉक्टर ॲब्लेशन सुचवतात. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा डाव्या वरच्या कप्प्याला जिथे मिळतात, तिथला भाग उष्णतेने किंवा अतिथंडीने डागतात. चुकार ठोके बहुधा तिथूनच सुटतात, हे फ्रान्समधल्या बोर्दो शहरातील डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवले.

तव्याचा चटका बसल्यावर बोट सुजते, तसा हा डागलेला भागही सुजतो. सूज उतरून पक्का वण व्हायला काही आठवडे जातात. तोवर ती जागा चिडलेली असते, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड परत येऊ शकते. मग घरात "ऑपरेशन फेल झालं, पैसे बुडाले" सुरू होते आणि गोळ्या बंद पडतात. आम्ही म्हणतो, इतक्यात निकाल लावू नका. धडधड होत असतानाच ईसीजी काढून घ्या, तारीख लिहून ठेवा. अनेकांची ही धडधड पुढे थांबते. काहींना दुसऱ्यांदा ॲब्लेशन लागते, हेही खरे.

मग सूज उतरवायची गोळीच का देत नाहीत? देऊन पाहिली आहे. कोल्चिसिन हे गाठियाचे जुने औषध कॅनडातील डॉक्टरांनी दहा दिवस दिले. २०२४ मध्ये निकाल छापून आला. धडधड परतणे कमी झाले नाही, जुलाब मात्र वाढले. दुकानातून स्वतःच्या मनाने दुखण्याची गोळी आणणे तर त्याहून वाईट. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत ती घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी निदान दोन महिने लागतेच, ठोके नीट असले तरी. ती डॉक्टरांना न विचारता सोडली आणि गुठळी मेंदूत गेली, तर लकवा.

वाढलेले वजन, बीपी, झोपेतले जोराचे घोरणे आणि दारू यांनी आजार परततो. पंचशीलातले पाचवे शील इथे औषधासारखेच. खर्राही सोडा, तंबाखूने ठोके वाढतात.

आता सर्वांत जपायची गोष्ट. अन्ननलिका हृदयाला लागूनच असते, क्वचित तिलाही चटका बसतो. ॲब्लेशननंतर दोन महिन्यांच्या आत ताप आला, गिळताना किंवा छातीत दुखले, हात-पाय लुळा पडला, तर डेंग्यू-मलेरिया समजून घरी थांबू नका. ॲब्लेशन केले तिथे, नाहीतर मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत रात्रीसुद्धा जा. फाईल सोबत ठेवा आणि "ॲब्लेशन झाले आहे" हे आधी सांगा, कारण अशा वेळी घशातून दुर्बीण घालणे घातक ठरू शकते. आधी छातीचा सीटी स्कॅन करतात.