वीस तारखेपर्यंत

१९९६च्या जूनमध्ये मी लातूरला एका वाड्यात भाड्याची खोली घेऊन राहत होतो. बीकॉमची शेवटची परीक्षा झाली होती. २० जूनला खोली सोडायची आणि नांदेडला घरी जायचं, असं ठरलं होतं. त्याच सुमारास पुण्यातल्या एका कंपनीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आलो होतो. कंपनीनं कळवलं की नेमणुकीचं पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवायचं ते सांगा. मी शब्दकोश पुढ्यात घेऊन, दोनदा कच्चं लिहून, इंग्रजीत उत्तर पाठवलं. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे : ‘आय ॲम ॲट लातूर बाय ट्वेंटीएथ जून.’ खाली लातूरचा आणि नांदेडचा, दोन्ही पत्ते दिले.

मला म्हणायचं होतं की वीस तारखेपर्यंत मी लातूरला आहे. वाचणाऱ्याला कळलं ते असं, की हा मुलगा सध्या नांदेडला आहे आणि उशिरात उशिरा वीस तारखेला लातूरला पोचेल. त्यांनी त्याप्रमाणे २१ जूनला पत्र काढलं आणि लातूरला पाठवलं.

८ जुलैला मी खोलीचं डिपॉझिट परत घ्यायला लातूरला गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी दुपारी पोचली. घरमालकीण मावशी पाणी देता देता म्हणाल्या, “आरं, तुझं पत्र येऊन पडलंय की कवाचं!” देवळीतल्या पणतीमागून त्यांनी खाकी पाकीट काढलं. त्याच्या एका कोपऱ्याला तेल लागून कागद पारदर्शक झाला होता. आत लिहिलं होतं : हे पत्र काढल्याच्या तारखेपासून दहा दिवसांत कामावर रुजू व्हा. १ जुलैलाच मुदत संपली होती. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन लावला, तर जागा भरली गेली होती. आम्ही वाट पाहिली, असं पलीकडचे गृहस्थ सौजन्यानं म्हणाले. चूक त्यांची नव्हतीच. वडिलांना हे सांगायला मला चार दिवस लागले.

गेली अनेक वर्षं मी नांदेडला अर्ज, बायोडाटा, ईमेल लिहून देण्याचं काम करतो. माझ्या टेबलाशी येणारी मुलं माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं इंग्रजी शिकलेली असतात, पण वेळेच्या शब्दांशी आली की त्याच जागी अडखळतात. कारण इंग्रजी कच्चं असणं एवढंच नाही. मराठीत वेळेचा नेमका अर्थ बहुतेकदा क्रियापद सांगतं आणि आपण शोध घेतो तो ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘आधी’ या शब्दांचा. ‘वीस तारखेपर्यंत येतो’ आणि ‘वीस तारखेपर्यंत आहे’ यांत ‘पर्यंत’ एकच, पण ‘येतो’ आणि ‘आहे’ यांमुळे ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. ‘परवा आलो’, ‘परवा येईन’ यांतही तसंच. नांदेडच्या बाजारात हिंदीतून बोलताना ‘कल’ म्हटलं, तर तो काल की उद्या, हेही क्रियापदावरूनच कळतं. इंग्रजीत हा भार त्या छोट्या शब्दावर असतो. तिथे चुकीचा शब्द पडला की वाक्य व्याकरणात बसतं आणि अर्थ उलटा होतो. म्हणून ही चूक धोक्याची. वाचणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही.

माझी तपासणी साधी आहे. ‘पर्यंत’ काढा आणि त्या जागी ‘उशिरात उशिरा’ घालून वाक्य मराठीतच वाचा. ‘सोमवारपर्यंत फी भरा’ म्हणजे ‘उशिरात उशिरा सोमवारी फी भरा’. अर्थ बसला, तिथे ‘बाय’. ‘सोमवारपर्यंत दुकान बंद आहे’ याचं ‘उशिरात उशिरा सोमवारी दुकान बंद आहे’ केलं तर काहीच अर्थ लागत नाही. तिथे ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. पहिल्यात एकदाच होणारं काम आहे आणि त्याला शेवटची हद्द आहे. दुसऱ्यात एक स्थिती चालू आहे आणि त्या दिवशी ती संपते. आणि ‘टिल मंडे’ लिहिलं तरी दुकान सोमवारी उघडतं की मंगळवारी, ही शंका उरतेच. तेव्हा मी दुसरं वाक्य जोडायला लावतो : मंगळवारी सकाळी दहाला उघडेल. शब्द वाचवण्याची ही जागा नव्हे.

‘पासून’चं थोडक्यात सांगतो, कारण शाळेत ते सगळ्यांनी घोकलेलं असतं. ‘२०२१पासून’ हा काळातला एक बिंदू, त्याला ‘सिन्स’. ‘तीन वर्षांपासून’ ही लांबी, तिला ‘फॉर’. घोकूनही चुकतं ते क्रियापद. आपण ‘करतो आहे’ म्हणतो म्हणून ‘आय ॲम वर्किंग’ लिहितो, आणि इंग्रजीला हवं असतं ‘आय हॅव बीन वर्किंग’. ‘आधी’चंही तसंच. आजपासून मागे मोजलं तर ‘अगो’, दुसऱ्या एखाद्या घटनेपासून मागे मोजलं तर ‘बिफोर’. ‘टू डेज बिफोर’ एवढंच लिहून थांबलात, तर वाचणारा विचारतो, कशाच्या आधी?

‘दोन दिवसांत’ मात्र जपून. ‘रिपोर्ट दोन दिवसांत मिळेल’ म्हणताना आपल्या मनात उद्याही मिळू शकेल, अशी आशा असते. ती ‘विदिन टू डेज’मध्ये आहे. ‘इन टू डेज’ म्हणजे साधारण परवा. नोकरी देणाऱ्याला ‘आय विल जॉइन इन फिफ्टीन डेज’ लिहिलंत, तर तो पंधराव्या दिवसाच्या आसपास तुमची वाट पाहील, पाचव्या दिवशी नाही. ‘समटाइम’ला एक ‘एस’ जास्त लागून ‘समटाइम्स’ झालं, तर पुढच्या महिन्यात कधीतरी रुजू होणारा माणूस अधूनमधून रुजू होणारा ठरतो. अशी दोन पत्रं माझ्या हातून दुरुस्त झाली आहेत.

आपले आठ दिवस इंग्रजीत जसेच्या तसे नेऊ नका. आपण ‘आठ दिवसांनी ये’ म्हणतो तेव्हा आज सोमवार असेल, तर पुढचा सोमवार डोळ्यांपुढे असतो. दोन्ही सोमवार मोजले की आठ होतात. पंधरा दिवसांचंही तेच. फ्रेंच लोकही आठवड्याला आठ दिवस आणि पंधरवड्याला पंधरा दिवस म्हणतात, तेव्हा ही रीत काही आपल्या एकट्याची नाही. पण इंग्रजीत ‘आफ्टर एट डेज’ लिहिलं की समोरचा बोटांवर आठ मोजतो आणि मंगळवारी येतो. ‘वन वीक’ लिहा, ‘टू वीक्स’ लिहा, आणि पुढे तारीख लिहा.

रात्रीबद्दल मला जास्त सांगायचं आहे. लातूर जिल्ह्यात कुणालाही विचारा, किल्लारीचा भूकंप कधी झाला? उत्तर येतं, गणपती विसर्जनाच्या रात्री. विसर्जन २९ सप्टेंबर १९९३ला झालं. मिरवणुका आटोपून दमलेली माणसं घरी येऊन झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगड-मातीची घरं अंगावर आली. आपल्या मनात ती अजून २९ तारखेचीच रात्र आहे, कारण आपल्याकडे दिवस उजाडल्यावर बदलतो. कागदावर तारीख आहे ३० सप्टेंबर. लातूरच्या खोलीतून अंगणात धावलो तो क्षण मीसुद्धा बोलताना ‘२९च्या रात्री’ असाच सांगतो. पण अर्जात लिहिताना मध्यरात्र ओलांडली की तारीख पुढची धरावी लागते. माणूस गेल्याची वेळ, बाळ जन्मल्याची वेळ, अपघाताची वेळ सांगताना लोक ‘काल रात्री दोनला’ म्हणतात. मी तिथे थांबतो आणि विचारतो, “काका, झोपून उठलात ती तारीख कोणती होती?” मगच लिहितो.

रेल्वेचं तिकीटही असंच. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:१० असेल, तर स्टेशनवर १४च्या रात्री जेवण करून जायचं असतं. माझ्या ओळखीचं एक कुटुंब नांदेड स्टेशनवर १५च्या रात्री सामान घेऊन बसलं होतं. त्यांची गाडी जवळजवळ चोवीस तास आधी निघून गेली होती. बारा वाजण्याचा हा गोंधळ टाळायचा, तर ‘बारा एएम’, ‘बारा पीएम’ लिहूच नये. दुपारचे बारा, रात्री ११:५९ असं लिहावं. नीटसाठी लातूरला शिकवणी लावलेल्या मुलांनाही मी प्रवेशपत्रावरच्या दोन वेळा वेगळ्या रंगांनी रंगवायला सांगतो. पेपर दुपारी २ला असला, तरी केंद्राचं दार दीडला बंद होतं. पालकांना २ लक्षात राहतात. मुलाचं वर्ष जातं ते दीडवर.

मुदत मोजताना कुठला दिवस धरायचा, हेही नीट पाहा. केंद्राच्या १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधल्या कलम ९ प्रमाणे कायद्यात ‘फ्रॉम’ म्हटलं की पहिला दिवस सोडून मोजायचं, आणि ‘टू’ म्हटलं की शेवटचा दिवस धरायचा. खाजगी पत्राला तो कायदा थेट लागू होत नाही, पण मोजण्याची रीत साधारण तीच असते. २१ जून सोडून दहा दिवस म्हणजे १ जुलै. ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ असेल, तर तो दिवसही धरलेला असतो.

आणि मुदत कुठून सुरू होते ते आधी वाचा. ‘डेट ऑफ इश्यू’ म्हणजे पत्र त्यांच्या टेबलावरून निघाल्याची तारीख, ‘डेट ऑफ रिसीट’ म्हणजे ते तुमच्या हाती पडल्याची. पाकीट फाडून फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का जपा, आणि मिळाल्याची तारीख त्याच दिवशी पेनानं लिहून ठेवा. माझं खाकी पाकीट अजून माझ्याकडे आहे. त्यावर माझ्या अक्षरात ८ जुलै लिहिलंय. आतल्या पत्रात ‘इश्यू’च्या जागी ‘रिसीट’ असतं, तर त्या दुपारी मला पुण्याची गाडी पकडता आली असती.