अपराध आणि पीडिताचें मन

वरकुट्यासारख्या गांवांत शेताचा बांध कोरण्यावरून काठी चालली, कीं पोलिसांत वर्दी जाते आणि पारावर "मिटवून टाका" असा सूर निघतो. ज्यानें मार खाल्ला त्याच्या मनाचें काय झालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हांस येथें तेवढेंच विचारावयाचें आहे.

जखम भरून येते, भीति मात्र राहते. रात्रीं कुत्रें भुंकलें कीं मनुष्य दचकतो, नेहमीची पायवाट टाळतो, आणि "हें माझ्याच वांट्याला कां आलें?" असें स्वतःलाच पुसत राहतो. त्याचें खरें उत्तर अपराध्यापाशींच असतें. कोर्टांत खटला मुख्यतः सरकार आणि आरोपी यांच्यांत चालतो. पीडित तेथें बहुधा साक्षीदार. विचारलें तेवढेंच त्यानें सांगावयाचें.

१९७४ सालीं कॅनडांतील एल्मायरा गांवीं दोन तरुणांनीं एका रात्रींत २२ ठिकाणीं नासधूस केली. न्यायाधीशानें त्यांना घरोघर जाऊन लोकांचें म्हणणें ऐकावयास व नुकसान भरून द्यावयास लाविलें. या रीतीस पुढें पुनःस्थापक न्याय असें नांव पडलें. नंतर लंडन शहरांत घरफोडी व लूट यांना बळी पडलेल्यांचे, कोणाची निवड न करतां, दोन गट पाडून पाहण्यांत आलें. अपराध्याशीं समोरासमोर बसविलेल्या गटांत मानसिक धक्क्याचीं लक्षणें कमी आढळलीं.

आपल्याकडेही मराठेशाहींत गोतसभा निवाडा करी, महजर लिहिला जाई, प्रायश्चित्त घेतलेल्यास गोतांत घेत. पण तींत पीडितापेक्षां गोताची काळजी अधिक, असें आमचें मत आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रांत महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. गांवोगांव समित्या झाल्या, कामाबद्दल बक्षिसें ठरलीं. हेतु उत्तम; परंतु बक्षिसाच्या ओढीनें घाई होण्याची भीति असते. चारचौघांच्या भिडेनें "क्षमा केली" म्हणावें लागलें, तर पहिल्या जखमेवर दुसरी बसते. खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत तर कायदा तडजोडीस मुभाच देत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

म्हणून पीडितास आधीं एकट्यानें ऐकावें, त्याच्या जवळचें माणूस शेजारीं असावें, आणि "नाहीं" म्हणण्याची त्याला पूर्ण मोकळीक असावी. बांधाच्या तंट्यांत हें विशेष अगत्याचें. कारण निकाल कांहींही लागो, पाण्याच्या पाळीला दोघांनाही त्याच चारीवर यावयाचें असतें.