साउंड कार्ड मागवण्याआधी

अगं, पैसे साठवलेस ते ठीक, पण साउंड कार्ड मागवण्याआधी एक कर. हेडफोन लाव, आवाज रोजच्याएवढा ठेव आणि काहीच न वाजवता ऐक. माउस हलव, एखादी मोठी फाइल कॉपी कर. बारीक सूंऽऽ किंवा किरकिर ऐकू आली, तर ती कॉम्प्युटरच्या पोटातली आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड वीज ओढतात, त्याचा तो त्रास.

तू पुढच्या जॅकमध्ये हेडफोन लावतेस ना? तिथवर कॅबिनेटमधून लांबलचक वायर येते आणि वाटेतला सगळा गोंगाट गोळा करते. मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावून बघ, याला पैसे पडत नाहीत. लॅपटॉपवर ऐकत असशील तर चार्जर काढून बघ. घरघर थांबली, तर आधी प्लगला अर्थिंग मिळतंय का ते तपास. आपल्याकडच्या जुन्या घरांत निम्मा घोळ तिथेच असतो.

किरकिर नसेल, तर खरं सांगते, कार्डाने फार काही हाती लागणार नाही. 1989 मध्ये साउंड ब्लास्टर आलं तेव्हा साध्या पीसीला बीप-बीपपलीकडे फारसं काही येत नव्हतं, त्यामुळे वेगळं कार्ड लागायचंच. आता चांगल्या मदरबोर्डवर रिअलटेकची एएलसी1220 सारखी चिप असते. तिच्या सिग्नल आणि खरखरीतलं अंतर कंपनी 120 डेसिबल सांगते, सीडीच्या 16 बिटांना 96 पुरतात. बोर्डावर बसवल्यावर एवढं मिळत नाही हे मान्य, पण बहुतेकदा दोष चिपचा नसतो, तिच्या शेजाराचा असतो. आणि नवं कार्डही त्याच पेटीत, त्याच ग्राफिक्स कार्डाला खेटून बसणार! म्हणून किरकिर जात नसेल तर मी पेटीबाहेरचा छोटा यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचं अ‍ॅनालॉग करणारी डबी, घ्यायला सांगेन. खोक्यावरच्या 192 किलोहर्ट्झला भुलू नकोस. सीडीचे 44.1 किलोहर्ट्झ 22 हजार हर्ट्झपर्यंतचा स्वर धरतात, आपला कान तरुणपणीही 20 हजाराच्या पुढे जात नाही.

एक गोष्ट मात्र मी हलकी मानत नाही, ती म्हणजे ताकद. सेनहायझर एचडी 600 सारखा 300 ओहमचा हेडफोन एक व्होल्टला साधारण 97 डेसिबल देतो. बऱ्याच गाण्यांना ते पुरतं. पण ख्यालाचं जुनं, हळू आवाजात रेकॉर्ड केलेलं ध्वनिमुद्रण असेल आणि जॅक दुबळा असेल, तर आवाज पूर्ण चढवूनही आलाप दूरचाच वाटतो. तिथे अ‍ॅम्प्लिफायर खरंच कामाला येतो. काही इअरफोनांचं उलट असतं, त्यांना ताकद कमी लागते पण जॅकचा स्वतःचा रोध जास्त असला की खर्ज-ताराचा तोल बिघडतो. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शापेक्षा तो कमी असावा, असा ढोबळ हिशेब धर. ब्लूटूथ हेडफोन असेल तर हा विषयच सोड, त्याचा डॅक नि अ‍ॅम्प त्याच्या आतच असतो.

दुकानात दोन उपकरणांची तुलना करशील तेव्हा दोन्हींचा आवाज अगदी सारखा करून घे. जरासा मोठा असला तरी कान त्यालाच चांगला म्हणतो. बदलाबदल दुसऱ्या कुणाला तरी करू दे, तू पाठ करून बस. एवढं करून फरक जाणवला नाही, तर ते पैसे हेडफोनवर घाल. हेडफोन बदलला की तानपुऱ्याची जवारीसुद्धा वेगळी ऐकू येते, तसा बदल कार्डाने मी कधी ऐकला नाही.

आणि बाई गं, अ‍ॅम्प घेतलासच तर कान सांभाळ. जागतिक आरोग्य संघटना 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास सांगते, आवाज वाढला की तास झपाट्याने घटतात. आधी नॉब पूर्ण खाली आण, मग हेडफोन डोक्यावर चढव.