पेनड्राइव्हवर कॉपी अडते तेव्हा

लिनक्सवर चार जीबीची फाइल पेनड्राइव्हवर टाकली, पट्टी झरझर नव्वद टक्क्यांवर गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली, की ड्राइव्ह गेला असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा तो धडधाकट असतो. लिनक्स आधी फाइल रॅममध्ये घेतं आणि मागाहून ड्राइव्हवर उतरवतं. पट्टी दाखवते ती रॅमपर्यंतची मजल. टर्मिनलवर 'कॅट /प्रॉक/मेमइन्फो' चालवा. 'डर्टी' आणि 'राइटबॅक' या ओळींतले आकडे उतरत असतील तर लिहिण्याचं काम चालू आहे. अशा वेळी ड्राइव्ह उपसलात तर फाइल हमखास अर्धवट राहील.

रॅममध्ये लिहायच्या राहिलेल्या डेटाची ही उधारी मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत साचते. भरपूर रॅमच्या मशीनवर म्हणूनच हा त्रास जास्त. 'सिसकंट्रोल'ने 'व्हीएम.डर्टी_बाइट्स' 5 कोटी आणि 'व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स' 2 कोटी ठेवा. ड्राइव्हचा वेग वाढणार नाही, पण पट्टी बरीचशी खरी बोलू लागेल.

आता जोडणी तपासा. 'एलएसयूएसबी -टी' दिल्यावर ड्राइव्हच्या ओळीच्या शेवटी 480एम दिसलं तर तो यूएसबी 2 वर आहे, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम 30 ते 40 एमबी. यूएसबी 3 असेल तर 5000एम किंवा जास्त दिसायला हवं. यूएसबी 3 च्या नेहमीच्या चपट्या प्लगमध्ये पाच जादा पिना असतात. प्लग नीट बसला नाही तर त्या टेकत नाहीत आणि जोडणी गुपचूप यूएसबी 2 वर येते. काढून एका दमात पुन्हा लावा, हब टाळा, केबल बदला.

बाहेरची एसएसडी मधूनमधून थांबत असेल तर 'डीमेसेज' वाचा. तिथे सारखं 'रिसेट' येत असेल तर केबल, वीजपुरवठा किंवा 'यूएएस' ड्रायव्हर यांपैकी काहीतरी अडतंय. केबल बदलूनही फरक पडला नाही, तर 'यूएसबी-स्टोरेज'च्या 'क्वर्क्स' पर्यायात त्या डिस्कचा आयडी आणि पुढे 'यू' देऊन यूएएस बंद करून पाहा.

हजारो बारक्या फाइली असतील तर आधी 'टार'ने एकच गठ्ठा बांधा. फरक लगेच जाणवतो. एनटीएफएस ड्राइव्ह असेल तर कर्नल 5.15 पासून आलेला 'एनटीएफएस3' ड्रायव्हर वापरून बघा.

एवढं करूनही सेकंदाला पाच-सहा एमबीच मिळत असतील, तर आतली चिपच संथ आहे. पाकिटावर छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. अशा ड्राइव्हवर सेटिंगचा इलाज नाही, तो बदलाच.