फिलिपिनी लोकांचें अन्न व आतिथ्य

परक्या देशाची ओळख करून घेण्याचे मार्ग अनेक आहेत. त्याचा नकाशा पाहावा, त्याच्या राज्यकर्त्यांचीं नांवें पाठ करावीं, त्याच्या व्यापाराचे आंकडे वहींत उतरून घ्यावे. परंतु तेथील सामान्य कुटुंबाच्या चुलीवर काय शिजतें, तें कोणाबरोबर खाल्लें जातें आणि अवचित पाहुणा आला असतां त्यास काय वाढतात, हें जोंपर्यंत आपणांस ठाऊक नाहीं तोंपर्यंत ती ओळख अपुरीच राहते. म्हणून आज आपण फिलिपाइन्स देशाच्या पंक्तीस थोडा वेळ बसूं.

हा देश पॅसिफिक महासागराच्या पश्चिम कडेस आहे. इ. स. २०१६ मध्यें जाहीर झालेल्या मोजणीप्रमाणें त्यांत ७,६४१ बेटें आहेत. चिनी व्यापारी तेथें शेंकडों वर्षें येत होते. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथें स्पेनचें राज्य होतें. त्यानंतर अमेरिकेचें आलें. मध्यंतरीं १९४२ ते १९४५ जपानी सैन्यानें देश व्यापला, आणि १९४६ मध्यें तो स्वतंत्र झाला. स्पॅनिश अमदानींत १५६५ ते १८१५ या काळांत मनिला आणि मेक्सिकोचें आकापुल्को बंदर यांच्या दरम्यान मोठीं गलबतें जात-येत. त्यांतून मका, टोमॅटो, कोको इत्यादि पदार्थ आशियाच्या किनाऱ्यास लागले. एवढा सारा इतिहास त्या लोकांच्या पानांत उतरला आहे.

भात व कालवण

या जेवणाचा पाया भात होय. शेतांतील दाण्यास ते ‘पालाय’ म्हणतात, सडल्यावर तो ‘बिगास’ होतो आणि शिजल्यावर ‘कानिन’. आपल्या कोंकणांतही शेतांत डोलतें तें भात, गिरणींतून येतो तो तांदूळ, आणि पानांत पडतो तो पुनः भात. ज्या वस्तूवर लोकांचें जीवित अवलंबून असतें, तिच्या प्रत्येक अवस्थेस भाषा निराळें नांव देते, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. रात्रीं उरलेला भात सकाळीं लसूण घालून परततात. त्यास ‘सिनांगाग’ म्हणतात. आपल्या फोडणीच्या भाताचा हा सख्खा भाऊच. भाताबरोबर जें कांहीं खावयाचें तें सर्व ‘उलाम’. आपला ‘कालवण’ हा शब्द त्यास अगदीं जवळचा आहे. मासळी असो, भाजी असो वा मांस असो, भातावांचून तें उलाम नव्हे आणि भातावांचून जेवणही नव्हे.

उलामांत अग्रपूजेचा मान ‘आदोबो’ या पदार्थाचा. कोंबडीचें किंवा डुकराचें मांस शिरका, लसूण, मिरीं, तमालपत्र आणि सोयाबीनचा खारट रस यांत मंद आंचेवर शिजवितात. नांव स्पॅनिश, खारट रस चिनी; परंतु शिरक्यांत मांस शिजविण्याची रीत स्पॅनिश लोक येण्यापूर्वींची, तेथील मूळचीच आहे. तिचें कारण शास्त्रीय आहे. उष्ण व दमट हवेंत मांस लौकर नासतें. पण नासविणाऱ्या जंतूंची वाढ आम्ल पदार्थांत नीट होत नाहीं. बर्फाचें कपाट नव्हतें त्या काळीं गृहिणीनें शिरक्याच्या साहाय्यानें अन्न टिकविलें. हा शिरका पुष्कळ ठिकाणीं नारळाच्या माडीपासून करतात. आपल्या गोव्यांतील विंदालूमध्येंही माडीचा शिरका व लसूण असतो, आणि त्याचें नांव पोर्तुगीज आहे. एकाच द्वीपकल्पांतील दोन शेजारी राष्ट्रें आशियाच्या दोन किनाऱ्यांवर उतरलीं, तेथें त्यांस नारळीची झाडें भेटलीं, आणि दोन्हीकडे ही सारखी आंबट चव आढळते!

दुसरा प्रसिद्ध पदार्थ ‘सिनिगांग’. मासे, कोळंबी किंवा मांस आणि पालेभाज्या चिंचेच्या आंबट पाण्यांत शिजवून केलेलें हें पातळ सार होय. पावसाळी दिवसांत तें ऊन ऊन भातावर ओतून घेण्यांत फिलिपिनी मनुष्यास जें सुख वाटतें, तें आमटीभात खाणाऱ्यास निराळें समजावून सांगावयास नको. तोंडीं लावण्यास कच्च्या पपईचें लोणचें असतें. त्याचें नांव ‘आचारा’. आपल्या इकडील ‘अचार’ हाच शब्द मलाया देशाच्या वाटेनें तेथें पोंचला आहे. बारीक जवळा मिठांत आंबवून केलेली ‘बागोओंग’ नांवाची चटणीही ते आवडीनें खातात. तिचा वास परक्यास उग्र वाटतो. पण सुक्या बोंबलांच्या वासावर नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांस आपण जसें हंसतों, तसेच तेही हंसत असतील.

खानावळ व रस्ता

घराबाहेर जेवावयाचें झाल्यास साधी खानावळ गल्लोगल्लीं असते. तिला ‘कारिंदेर्या’ म्हणतात. सकाळींच शिजवून ठेविलेलीं दहाबारा पातेलीं मांडलेलीं असतात. गिऱ्हाईक येतें, झांकणें उघडून पाहतें आणि हवा असलेला पदार्थ बोटानें दाखवितें. यावरून अशा खानावळीस ‘तुरो-तुरो’, म्हणजे ‘दाखवा-दाखवा’, असें गमतीचें नांव पडलें आहे. मजूर, कारकून, विद्यार्थी आणि वाहनचालक एकाच बांकावर बसून जेवतात. उजव्या हातांत चमचा व डाव्या हातांत कांटा धरण्याची चाल सर्वत्र आहे. सुरी सहसा लागत नाहीं, कारण पदार्थ आधींच चिरलेले असतात. केळीच्या पानावर हातानें जेवणेंही त्यांस परकें नाहीं.

सकाळीं खांद्यावरील कावडीस दोन डबे लटकावून ‘ताहो’ विकणारा आरोळी देत जातो. सोयाबीनच्या दुधाचें मऊ दहीं, त्यावर गुळाचा पाक आणि साबुदाण्याच्या गोळ्या, असें तें पेय मुलें शाळेस जातां जातां पितात. दुपारच्या खाण्यास ‘मेर्येंदा’ हें स्पॅनिश नांव आहे. चिनी लोकांनीं शेवयांचा ‘पान्सित’ आणि गुंडाळलेली ‘लुम्पिया’ दिली. मनिला शहरांतील बिनोंदो ही चिनी वसाहत १५९४ मध्यें स्थापन झालेली आहे. अलीकडील काळांत ‘जॉलिबी’ या उपाहारगृहाचें नांव देशोदेशीं झालें. १९७५ साली आइस्क्रीमच्या दुकानापासून त्याचा आरंभ झाला. तेथें इटालियन लोकांच्या शेवया मिळतात; पण त्यांवरील लाल रस गोड असतो. वाढदिवसाच्या पंगतींत घरोघर अशाच गोड शेवया करतात, आणि त्यांत पुष्कळदां केळ्यांचा लाल सॉस घालतात. टोमॅटोच्या जागीं केळें कसें आलें, ही कथा प्रत्येक विद्यार्थ्यानें ऐकण्यासारखी आहे.

एक रसायनशास्त्रज्ञ स्त्री

मारिया ओरोसा या बाईंचा जन्म १८९३ मध्यें बातांगास प्रांतांतील ताल या गांवीं झाला. १९१६ साली त्या अमेरिकेंत गेल्या. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत काम करीत करीत त्यांनीं रसायनशास्त्राच्या पदव्या मिळविल्या. सुट्यांमध्यें अलास्कांत मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यांतही त्यांनीं श्रम केले. पुढें त्या स्वदेशीं परतल्या आणि सरकारी संशोधनखात्यांत अन्नपदार्थांचें काम करूं लागल्या. देशांत केळीं मुबलक असतां बाहेरून आणलेल्या टोमॅटोच्या सॉसवर पैसा कां घालवावा, हा त्यांचा प्रश्न होता. केळीं, शिरका, साखर व मसाले यांपासून त्यांनीं तसाच सॉस तयार केला. ज्या घरीं वीज नाहीं तेथेंही भाजलेले पदार्थ करतां यावेत म्हणून मातीच्या मडक्याची भट्टी त्यांनीं योजिली. तांदूळ सडतांना निघणारा कोंडा टाकून दिला जातो. पण बेरीबेरी या रोगापासून रक्षण करणारें जीवनसत्त्व त्यांतच असतें. ओरोसाबाईंनीं कोंड्याचीं बिस्किटें केलीं. पांढराशुभ्र तांदूळ मागणाऱ्या आणि हातसडीचा तांदूळ नाकारणाऱ्या आपल्या घरांनीं ही गोष्ट विसरूं नये.

जपानी अमलांत मनिला येथील सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारांत हजारों परदेशी नागरिक कैदेंत होते आणि अन्नावांचून खंगत होते. ओरोसाबाईंनीं सोयाबीनची पौष्टिक भुकटी करून ती व कोंड्याचीं बिस्किटें पोकळ बांबूंतून लपवून त्यांजकडे पोंचविण्याची व्यवस्था केली. त्या अन्नावर कित्येकांचे प्राण वांचले. मनिल्याची लढाई जुंपली तेव्हां नातलगांनीं शहर सोडण्याचा आग्रह केला. पण त्यांनीं काम सोडलें नाहीं. १३ फेब्रुवारी १९४५ रोजीं तोफगोळ्यांच्या माऱ्यांत त्यांचा अंत झाला. ज्ञान म्हणजे परीक्षेपुरतें पाठांतर असें ज्यांस वाटतें, त्यांनीं या बाईंचें चरित्र मनन करावें.

सणावाराचें पान

फिलिपिनी घरांत वाढदिवशीं पान्सित हवाच. लांब शेवया म्हणजे दीर्घायुष्य, अशी चिनी समजूत त्यामागें आहे. गांवोगांवीं आपापल्या संताच्या स्मरणदिनीं मोठी जत्रा भरते. त्या दिवशीं दारें उघडीं असतात, आणि ओळखीच्या माणसाबरोबर आलेल्या अनोळखी माणसासही बसवून वाढतात. लुक्बान या गांवीं १५ मे रोजीं ‘पहियास’ नांवाचा सुगीचा उत्सव होतो. घरांच्या दर्शनी भिंती भाज्या, फळें, भाताच्या लोंब्या आणि तांदळाच्या रंगीबेरंगी पानाकृति पापडांनीं मढवितात. बालायान येथें २४ जूनला आख्खें भाजलेलें डुकर सजवून त्याची मिरवणूक काढतात. हा ‘लेचॉन’ मोठ्या समारंभाचा मुकुटमणि होय.

परंतु सर्वांत मोठा सण नाताळाचा. १६ डिसेंबरपासून नऊ दिवस लोक पहाटे अंधारांतच उपासनेस जातात. मंदिराबाहेर निखाऱ्यांच्या शेगड्या पेटलेल्या असतात. तांदळाचें पीठ व नारळाचें दूध केळीच्या पानावर ओतून, खालीं व वर निखारे ठेवून ‘बिबिंका’ भाजतात. गोव्यांतील ‘बिबिंक’ या थरांच्या पक्वान्नाशीं या नांवाचें साम्य पाहून नवल वाटतें. बांबूच्या नळींत वाफवलेला जांभळ्या तांदळाचा ‘पुतो बुम्बोंग’ ओलें खोबरें व गूळ घालून देतात, आणि बरोबर आल्याचा ऊन काढा. २४ तारखेच्या मध्यरात्रीं उपासना आटोपल्यावर सर्व कुटुंब ‘नोचे बुएना’च्या भोजनास बसतें. आजी, काका, भाचरें सर्व एकत्र असतात. जे दूरदेशीं नोकरीस आहेत त्यांची जागा मात्र रिकामी राहते.

ही रिकामी जागा त्या देशाचें एक मोठें दुःख आहे. लक्षावधि फिलिपिनी स्त्रीपुरुष पोटासाठीं परदेशीं राबतात. जगाच्या जहाजांवर त्यांची संख्या फार मोठी आहे. आपल्या गोवा व रत्नागिरीकडील खलाशीही त्याच जहाजांवर त्यांच्या शेजारीं जेवतात. घरीं परततांना ते सर्वांसाठीं ‘पासालुबोंग’ आणतात. आपल्या भाषेंत त्यास ‘खाऊ’ म्हणतात; दोन्ही शब्दांत वस्तूच्या किंमतीपेक्षां आठवणीचें मोल अधिक आहे.

वाढपाची कसोटी

जेवत असतां कोणी आला तर फिलिपिनी मनुष्य म्हणतो, “काइन तायो”, म्हणजे “चला, जेवूं या.” भेटल्यावर “जेवलात का?” असें विचारण्याची रीत त्यांच्याकडेही आहे. हे शब्द गोड खरे. पण त्यांचा खरा कस दारिद्र्याच्या वेळीं लागतो. सणासाठीं ऋण काढून मागून वर्षभर फेडणारीं कुटुंबें तेथेंही आहेत. मनिल्याच्या दरिद्री वस्तींत उपाहारगृहांतून फेंकलेलें उष्टें मांस धुवून, पुनः शिजवून विकलें जातें. त्यास ‘पागपाग’, म्हणजे ‘झटकलेलें’, म्हणतात. मिरवणुकींतील लेचॉन आणि ही झटकलेली हाडें एकाच देशांतील आहेत, हें आपण डोळे झांकून चालणार नाहीं. आपल्या शहरांतही पंगती उठल्यावर मांडवामागें कोण उभें असतें, तें आपण पाहिलेंच आहे.

१४ एप्रिल २०२१ रोजीं, साथीच्या दिवसांत, केसोन सिटी शहरांतील मागिन्हावा रस्त्यावर एका तरुणीनें बांबूची लहानशी गाडी ठेविली. तीवर तांदूळ, भाज्या व डबे मांडले आणि एक पाटी लाविली: ज्यास शक्य असेल त्यानें शक्तीप्रमाणें ठेवावें, ज्यास गरज असेल त्यानें गरजेपुरतें न्यावें. पहारा नव्हता, नोंदवही नव्हती. थोड्याच दिवसांत देशभर शेंकडों ठिकाणीं तशा गाड्या व टेबलें उभीं राहिलीं. शेतकऱ्यांनीं भाजी आणली, कोळ्यांनीं मासळी आणली, आणि पुष्कळांनीं खरोखरच गरजेपुरतेंच नेलें. “चला, जेवूं या” हे शब्द त्या दिवसांत रस्त्यावर उतरले.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत प्रत्येकानें एक काम करावें. आपल्या घरीं नेहमीं होणारा एखादा पदार्थ निवडावा. त्यांतील प्रत्येक जिन्नस मूळ कोणत्या देशाचा, तो आपल्याकडे कसा आला आणि पदार्थ टिकण्याचें कारण काय, हें आजीस, आईस व शिक्षकांस विचारून लिहून काढावें. मिरची, बटाटा, टोमॅटो यांपैकीं कांहीं निघाल्यास महासागर ओलांडावा लागेल. पालकांसही एक विनंति आहे. या कामांत मुलांस साहाय्य करावें, आणि पुढील सणास स्वयंपाकाचा अंदाज करतांना घरच्या माणसांखेरीज आणखी एक पान मोजावें. तें कोणासाठीं, हें मुलांस ठरवूं द्यावें.